लेखणीच्या टोकावरचे खेळ

२००७ साली जपानमध्ये निघालेल्या 'फँटम अवरग्लास' या झेल्डा मालिकेतल्या खेळात एक कोडं आहे. निन्टेंडो डीएस या हातात धरायच्या, वहीसारख्या मिटणाऱ्या यंत्राला दोन पडदे असतात. एका पडद्यावर एक पवित्र चिन्ह दिसतं, दुसऱ्यावर तुमचा समुद्राचा नकाशा. चिन्ह नकाशावर दाबा, म्हणजे ते उमटेल, एवढंच खेळ सुचवतो. खेळणारा लेखणीने टोचून पाहतो, घासून पाहतो, चिन्ह गिरवूनही पाहतो. काहीच होत नाही. शेवटी कंटाळून तो यंत्र मिटतो, पुन्हा उघडतो, आणि चिन्ह नकाशावर उमटलेलं असतं. ठसा उमटवायचा तर एक पृष्ठ दुसऱ्यावर ठेवावं लागतं. इथे दोन पडदे हीच दोन पृष्ठं आणि यंत्र मिटणं हेच दाबणं.

एक पडदा असलेल्या फोनवर हे कोडं सोडवता येत नाही. त्यातलं चित्र तिथे दाखवता येईल, संगीत ऐकवता येईल, संवादांचं कोणत्याही भाषेत भाषांतर करता येईल. पण कोड्याचा अर्थ चित्रात किंवा संवादात नव्हताच. तो दोन हातांच्या एका हालचालीत होता.

जुन्या खेळांबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुधा चित्रांबद्दल बोलतो. ठोकळ्यांसारखी चित्रं आज कशी दिसतात, किंवा त्यांचं कौतुक पुन्हा कसं वाढतंय, वगैरे. चित्राचं जुनं होणं सोपं असतं. डोळा थोडा वेळ कुरकुरतो आणि मग सरावतो. हाताचं तसं होत नाही. हाताला वस्तू लागते. २००४ ते २०१२ या काळात लेखणीने खेळायचे शेकडो खेळ निघाले. आज ते खेळायला घेणाऱ्याची पहिली अडचण ही, की ज्या स्पर्शासाठी ते लिहिले गेले तो स्पर्शच आता आपल्या रोजच्या वापरात उरलेला नाही.

स्पर्श दोन प्रकारचा

पडद्याला हात लावला की काहीतरी घडतं, याला आपण सरसकट 'टच' म्हणतो. पण या एका शब्दात दोन वेगळी तंत्रं आहेत आणि त्यांचा इतिहासही वाटतो त्याच्या उलटा आहे. बोटाला ओळखणारा पडदा आधी आला. १९६५मध्ये ब्रिटनमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी त्याची मांडणी केली, ती हवाई वाहतूक नियंत्रणाच्या कामासाठी. शरीर विजेचा सूक्ष्म भार वाहून नेतं, काचेखालच्या वाहक थराला तो जाणवतो आणि बोट कुठे आहे ते कळतं. त्यासाठी दाबावं लागत नाही, टेकवलं तरी पुरतं. दाबाने चालणारा पडदा १९७०च्या दशकात अमेरिकेत सॅम्युअल हर्स्ट यांच्या कामातून पुढे आला. त्यात दोन पारदर्शक वाहक थर एकमेकांपासून किंचित अंतरावर असतात. वरचा लवचीक असतो. तो दाबला की खालच्याला टेकतो आणि कुठे टेकला ते विजेच्या दाबावरून मोजलं जातं. त्याला बोट आणि काडी यांतला फरक कळत नाही. नख चालतं, पेन्सिलचं मागचं टोक चालतं. टोक जितकं बारीक, तितकी नेमकी जागा कळते. मात्र साध्या रचनेत त्याला एका वेळी एकच बिंदू कळतो. दोन बोटं टेकवली तर दोघांच्या मधलीच एखादी जागा तो खरी मानतो.

मी पंडरीत राहते. रायपूरचा कापडाचा ठोक बाजार इथे आहे. या बाजारात अजून कोणी कापड नुसतं बघून घेत नाही. काठ चिमटीत धरून अंगठा फिरवल्याशिवाय भावाची गोष्ट निघत नाही. टेकवणं आणि दाबून पाहणं यांतला फरक इथल्या कुठल्याही गिऱ्हाइकाला समजावून सांगावा लागणार नाही. दाबाचा पडदा या चिमटीच्या जवळचा होता. तो किंचित खाली जायचा, लेखणीखाली त्याचा मऊ प्रतिकार जाणवायचा, रेघ ओढताना घर्षण कळायचं. आजची काच कशालाच प्रतिकार करत नाही.

बटणं म्हणून पडदा

हातातल्या खेळयंत्रावर स्पर्शाचा पडदा पहिल्यांदा आणला तो १९९७ साली टायगर इलेक्ट्रॉनिक्सने, 'गेम.कॉम' या यंत्रात. त्याच्या पडद्यावर चौकटींची जाळी दिसायची आणि प्रत्येक चौकट म्हणजे प्रत्यक्षात एक मोठं बटण होतं. लेखणी दिलेली होती, पण लिहिण्यासारखं काही नव्हतं. यंत्र फार काळ चाललं नाही.

त्याच सुमारास लेखणीचं खरं शिक्षण दुसरीकडे चालू होतं. १९९६मध्ये आलेल्या पाम पायलट या हातातल्या टिपणयंत्राने 'ग्राफिटी' नावाची लिपी वापरणाऱ्यांना शिकवली. जवळजवळ प्रत्येक रोमन अक्षर लेखणी न उचलता, एकाच फटकाऱ्यात काढायचं. 'ए'ची आडवी दांडी गाळायची, नुसतं छप्पर काढायचं. यंत्राला माणसाचं अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून माणसाने अक्षर यंत्राच्या सोयीचं करून घेतलं आणि काही दिवसांत त्याला त्याचा वेगही आला. हात असा बदलायला तयार होतो, हे त्यातून दिसलं.

नोव्हेंबर २००४मध्ये अमेरिकेत आणि डिसेंबरमध्ये जपानमध्ये डीएस विक्रीला आलं, तेव्हा त्याच्या खालच्या पडद्याचं काय करायचं हे खेळ करणाऱ्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. यंत्र पुढे पंधरा कोटींहून जास्त खपलं, पण सुरुवातीचे खेळ चाचपडणारेच आहेत. 'सुपर मारिओ ६४ डीएस' हे त्याचं ठळक उदाहरण. १९९६चा मूळ खेळ एका छोट्या दांडीने खेळायचा होता. ती जितकी वाकवाल तितका मारिओ हळू किंवा जोरात चालायचा. डीएसला ती दांडीच नव्हती. म्हणून यंत्राबरोबर मनगटाचा पट्टा दिला गेला. त्याला एक छोटं टोपण होतं, ते अंगठ्याला अडकवायचं आणि पडद्यावर अंगठा सरकवत मारिओला चालवायचं. खेळ चांगलाच होता, पण त्याचा स्पर्श उसना होता. एका अवयवाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यावं, तसा.

२००५च्या 'कॅसलव्हेनिया: डॉन ऑफ सॉरो'मध्ये याहून वाईट प्रकार आहे. हा खेळ दोन्ही हातांनी बटणं दाबत खेळायचा. लांबलचक लढाईनंतर राक्षस मरणाला टेकला की पडद्यावर ठिपके येतात आणि ते ठरावीक क्रमाने जोडून मुद्रा काढावी लागते. नाही जमली तर राक्षसाला पुन्हा बळ मिळतं. बटणांवरचे हात सोडून खाचेतली लेखणी उपसायला वेळ कुठे असतो? मग लोक अंगठ्याच्या नखानेच मुद्रा ओढायचे. यंत्राला नवा पडदा आहे म्हणून खेळाने तो वापरून दाखवला, एवढंच त्याचं प्रयोजन.

असा स्पर्श लवकर जुना होतो. कारण तो मुळातच अलंकार होता. बोलताना उगाच पेरलेला परका शब्द जसा दहा वर्षांनी बोलणाऱ्याचं नाही तर त्या दशकाचं वय सांगतो, तसा.

व्याकरण म्हणून स्पर्श

मात्र त्याच २००५मध्ये स्पर्शावाचून ज्यांची कल्पनाच करता येणार नाही असेही खेळ निघाले. 'कर्बी: कॅनव्हास कर्स'मध्ये नायकाला हातपायच नाहीत. तो एक चेंडू आहे. तुम्ही त्याला चालवत नाही, त्याच्यासाठी वाट काढता. लेखणीने इंद्रधनुष्यी रेघ ओढायची आणि चेंडू त्या रेघेवरून घरंगळत जातो. शाई मोजकी असते, त्यामुळे रेघ कुठे वाया घालवायची नाही याचा विचार करावा लागतो. इथे लेखणी बटणाच्या जागी आलेली नाही. ती लेखणीच आहे. आज हा खेळ हातात घेतला तर काही समजून घ्यावं लागत नाही, पहिल्या मिनिटात हात चालायला लागतो.

त्याच वर्षी जपानमध्ये आलेल्या मेंदूच्या व्यायामाच्या खेळाने तर यंत्र आडवं करून पुस्तकासारखं धरायला लावलं. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर लिहायची जागा. डावखुऱ्यांना बाजू बदलून घ्यायची सोय. बेरजा-वजाबाक्यांची उत्तरं हाताने लिहायची आणि यंत्राने ती वाचायची. डॉ. र्‍यूता कावाशिमा यांच्या नावाने आलेला हा खेळ, कधीच खेळ न खेळणाऱ्या वयस्क माणसांनी घेतला. त्यांना काही नवीन शिकावं लागलं नाही हे त्यामागचं साधं कारण. आकडा लिहिता येत होता, तेवढं पुरत होतं. मेंदू खरोखर किती तल्लख होतो यावर पुष्कळ वाद झाले. पण पाटी-पेन्सिलीची सवय असलेल्या पिढीला यंत्राने तिच्याच सवयीत गाठलं, ही त्यातली गोष्ट टिकून राहिली.

तिसरं उदाहरण २००५च्याच 'ओउएंदान'चं. काळ्या गणवेशातलं एक त्रिकूट अडचणीतल्या माणसांना नाचून प्रोत्साहन देतं आणि गाण्याच्या ठेक्यावर पडद्यावर उमटणारी वर्तुळं आपण लेखणीने टिपायची. हा खेळ जपानबाहेर अधिकृतपणे निघाला नाही. पुढच्या वर्षी त्याचं इंग्रजी भावंड निघालं, ते वेगळ्या गाण्यांचं. पण २००७मध्ये डीन हर्बर्ट या तरुणाने त्याच्यावरून 'ओसु!' नावाचा संगणकावरचा खेळ केला. तो आजही खेळला जातो, माऊसने आणि चित्रकारांच्या डिजिटल पाटीवर पेनाने. ज्या यंत्रासाठी ही हालचाल घडवली गेली ते यंत्र बाजारातून गेलं, आणि हालचाल दुसऱ्या घरी नांदायला लागली. एखादी लोककथा मूळ भाषेत विसरली जावी आणि शेजारच्या भाषेत रुजावी, तसंच हे.

बोट येतं

त्याच २००७मध्ये आयफोन आला. बोटाचा पडदा, अनेक बिंदू एकाच वेळी ओळखणारा आणि लेखणीला मुद्दाम बाहेर ठेवणारा. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत 'टच' या शब्दाचा अर्थच बदलला. जे दाबावं लागतं ते जुनं, स्वस्त, बिघडलेलं वाटू लागलं.

निन्टेंडो मात्र २०११च्या थ्रीडीएसमध्ये आणि २०१२च्या वी यू यंत्राच्या हातातल्या पाटीतही दाबाच्या पडद्यालाच चिकटून राहिली. त्यातून काही अवघड बाळंतपणं झाली. २०१२च्या 'किड इकॅरस: अपरायझिंग'मध्ये डाव्या हाताने यंत्र पेलायचं, त्याच हाताच्या अंगठ्याने चालायचं, तर्जनीने गोळी झाडायची आणि उजव्या हातातल्या लेखणीने नेम धरायचा. मनगट इतकं अवघडायचं, की खोक्यात यंत्र ठेवायला एक घडीचं स्टँडच दिलं होतं. खेळाच्या खोक्यातून फर्निचर निघालं, यातच सगळं आलं. २०१५मध्ये कर्बीचा पुढचा भाग वी यूवर आला. मातीच्या बाहुल्यांसारखी देखणी चित्रं मोठ्या टीव्हीवर दिसायची, आणि खेळणाऱ्याला मात्र रेघ ओढण्यासाठी मान खाली घालून हातातल्या लहान पडद्याकडेच बघत राहावं लागायचं. तीच हालचाल, तीच लेखणी, पण डोळा आणि हात एका जागी नव्हते.

२०१७च्या स्विच या यंत्रात निन्टेंडोनेही बोटाचा पडदा घेतला. आणि २०१९च्या अखेरीस मेंदूच्या व्यायामाचा खेळ स्विचसाठी पुन्हा काढला तेव्हा खोक्यात एक लेखणी घालून दिली. बोटाने आकडा लिहिला की बोटाखाली आकडाच झाकला जातो. आपण काय लिहितोय ते लिहिताना दिसलं पाहिजे, ही अट खेळाला सोडता आली नाही.

आपल्याकडचा दाब

डीएस भारतात फारसं आलं नाही. जे आलं ते बहुतेक परदेशातल्या नातेवाइकांच्या बॅगांमधून. आपल्याकडे दाबाचा पडदा पोचला तो फोनमधून. २००८च्या अखेरीस जाहीर झालेला नोकियाचा ५८०० आणि २०१०चा स्वस्त ५२३३ यांचे पडदे दाबाचेच होते. शिवाय पाठीत बारीक काडी खोवलेले कितीतरी चिनी फोन होते. त्या काडीला दुकानात 'पेन' म्हणायचे. जयस्तंभ चौकाजवळच्या रवी भवनातल्या मोबाइलच्या दुकानांत अजून जी भाषा बोलली जाते, तिच्यात या काळाची खूण आहे. तिथे 'टच' हे क्रियापद नाही, ती एक वस्तू आहे. 'टच गया है', 'टच बदल देंगे'. घरी मराठीतही आपण 'टच गेलाय' असंच म्हणतो. कारण त्या फोनांमध्ये टच हा खरोखरच वेगळा थर होता, तो वेगळा विकत मिळायचा, आणि खालचा पडदा तसाच ठेवून बदलता यायचा. पुढे काच, टच आणि पडदा एकत्र चिकटून यायला लागले. त्यामुळे आता बदलावा लागतो तो सगळा 'कॉम्बो', पण शब्द मात्र टचच राहिला.

या काळातली सर्वांत मोठी भारतीय गोष्ट 'आकाश' टॅबलेटची. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत मोठ्या थाटात तो जाहीर झाला. विद्यार्थ्यांसाठी जगातला सर्वांत स्वस्त टॅबलेट, सात इंची दाबाचा पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. पडद्याला जोर लावावा लागतो, ही त्याच्याविषयीच्या तक्रारींमधली एक ठळक तक्रार होती. काम नंतर मुंबईच्या आयआयटीकडे आलं आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी आलेल्या 'आकाश-२'मध्ये बोटाचा पडदा होता. तेरा महिन्यांत दाब मागास ठरला. पण दोष पडद्याच्या जातीचा होता की त्याला नेमून दिलेल्या कामाचा, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. आकाशची अँड्रॉइड प्रणाली मुळात बोटाने चालवायची होती. तीत लेखणीसाठी काहीच लिहिलेलं नव्हतं. डीएसवर जो पडदा गुणी ठरला तोच इथे नादान ठरला.

आणि त्याच पवईच्या आयआयटीच्या डिझाइन केंद्रात उलट दिशेचं कामही झालं. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 'स्वरचक्र' हा कळफलक २०१३मध्ये आला, मराठीसाठीही आला. 'क'वर बोट ठेवलं की त्याच्याभोवती का, कि, की, कु, कू यांचं चक्र उमलतं. बोट न उचलता हव्या त्या दिशेला सरकवलं की अक्षर पूर्ण होतं. व्यंजनाला स्वर चिकटतो ही देवनागरीची रीतच तिथे बोटाची हालचाल झाली. रोमन कळफलकावरून मराठी टंकायला सरावलेल्यांना ते संथ वाटेल. पण स्पर्श इथे अलंकार नाही, व्याकरण आहे. कर्बीच्या रेघेची आणि या चक्राची जात एकच.

मोडीचा हात

हाताची हालचाल मरते म्हणजे काय होतं, हे मराठीला नव्याने शिकायची गरज नाही. मोडी लिहिताना आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षरं लटकवत जायची. ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. वेग महत्त्वाचा. पामची ग्राफिटी यायच्या कितीतरी शतकं आधी मराठी कारकुनांनी अक्षर हाताच्या सोयीसाठी वळवून घेतलं होतं. फरक एवढाच, की ती सोय यंत्राची नव्हती.

छत्तीसगडातली मराठी मुळात या हाताबरोबर आली. १७४१मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजेने रतनपूर घेतलं, १७५८पासून बिंबाजी भोसल्यांनी तिथून कारभार केला, आणि राजकारभारात मराठी भाषा आणि मोडी लिपी आली. १८५४मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं. पुढे इथली मराठी माणसं दफ्तरातून, शाळांतून, वर्तमानपत्रांतून हिंदीत मिसळत गेली. माधवराव सप्रे यांनी १९००मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढलं ते हिंदीत, आणि दासबोध व गीतारहस्य हिंदीत नेले तेही त्यांनीच. भाषा अशी एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ शकते. मोडीचा हात मात्र गेला नाही. तो मागेच राहिला.

श्रीरामपूरच्या छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोडीचे खिळेही पाडले गेले होते. तरी छपाईने बाळबोधच निवडली, कारण सुटी अक्षरं खिळ्यांना सोयीची. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतूनही मोडी गेली. २०१४मध्ये ती युनिकोडमध्ये आली, म्हणजे आता ती संगणकावर टंकता येते. पण टंकलेली मोडी आणि बोरूने धावत लिहिलेली मोडी यांत, बटणांनी काढलेली मुद्रा आणि लेखणीने काढलेली मुद्रा यांच्यातलंच अंतर आहे. टंकलेली मोडी वाचायला शिकलेला माणूस जुनं पत्र समोर आल्यावर अडखळतो. त्याला अक्षरं ओळखता येतात, पण हात कुठून आला आणि कुठे निघाला होता ते कळत नाही.

नव्या यंत्रात नेताना

जुना खेळ नव्या यंत्रावर आणणं हे भाषांतर आहे, असं मी माझ्या धंद्यामुळे म्हणत असेन. पण इतर भाषांतरांसारखीच त्यातही चांगली आणि वाईट उदाहरणं आहेत आणि ती एकाच मापाने मोजता येत नाहीत.

'डॉन ऑफ सॉरो' ऑगस्ट २०२४मध्ये नव्या यंत्रांसाठी पुन्हा निघाला तेव्हा मुद्रा काढण्याऐवजी दाखवलेली बटणं दाबायची सोय केली गेली. खेळ सुधारला. जे मुळातच उपरं होतं ते गाळलं तर वाचकाचं काही जात नाही, उलट वाक्य वाहतं होतं. असा निर्णय घ्यायला भाषांतरकाराला धीर लागतो आणि इथे तो बरोबर ठरला.

'द वर्ल्ड एंड्स विथ यू' या २००७च्या खेळाची गोष्ट उलटी. कानांवर हेडफोन लावून जगापासून अलिप्त राहणारा एक मुलगा. जगायचं तर त्याला जोडीदारावर विसंबावं लागतं. मूळ डीएसवर लढाई दोन पडद्यांवर एकाच वेळी चालायची. खाली लेखणीने मुलगा, वर दुसऱ्या हाताच्या बटणांनी त्याची जोडीदार, आणि दोघांमध्ये प्रकाशाची एक चकती इकडून तिकडे जायची. दोन्हीकडे लक्ष देणं सुरुवातीला अशक्य वाटतं. तास-दोन तासांनी हात आपोआप ताल धरतात. दुसऱ्याशी जुळवून घेणं म्हणजे काय, हे खेळ सांगत नाही, तुमच्या दोन हातांकडून करून घेतो. २०१२मध्ये तो फोनवर आणि २०१८मध्ये स्विचवर आला. चित्रं स्वच्छ झाली, लढाई एका पडद्यावर आली, खेळणं सोपं झालं. कथा तीच राहिली. पण आता ती फक्त सांगितली जाते.

'अनदर कोड' या २००५च्या खेळात यंत्र अर्धवट मिटून एका पडद्यावरचं चित्र दुसऱ्यात प्रतिबिंबासारखं बघायचं एक कोडं होतं. २०२४च्या नव्या आवृत्तीत कोडी नव्याने रचली गेली. हा तिसरा मार्ग, रूपांतराचा. श्लेष भाषांतरात जात नसेल तर त्या जागी आपल्या भाषेतला दुसरा श्लेष घालावा, तसा. तो प्रामाणिक मार्ग आहे, पण नव्या श्लेषावरून जुना काय होता हे कधीच कळत नाही.

म्हणून जुना खेळ 'टिकला' की नाही, हे विचारताना एक प्रश्न आधी विचारावा. हालचाल काढून घेतली तर अर्थ जातो का? जात नसेल तर ती खुशाल काढावी. जात असेल तर त्या खेळाला त्याच्या यंत्रासकटच सांभाळावं लागेल, आणि ते दिवसेंदिवस अवघड होतंय. २७ मार्च २०२३ रोजी थ्रीडीएस आणि वी यू या दोन्ही यंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद झाली. त्याआधी वी यूवर मिळणारा 'फँटम अवरग्लास' तेव्हापासून जुन्या बाजारातच शोधावा लागतो. दाबाच्या पडद्यांचा वरचा लवचीक थर लेखणीच्या वर्षानुवर्षांच्या घासण्याने ओरखडतो, टेकवलेली आणि ओळखलेली जागा यांत फरक पडायला लागतो. यंत्रात पडदा पुन्हा जुळवून घ्यायची सोय असते, पण झिजलेल्या थरापुढे तीही हरते. संगणकावर जुनी यंत्रं अनुकरणाने चालवणारी मंडळी खेळाची प्रत वाचवतात. मिटण्याच्या जागी तिथे एक कळ नेमलेली असते. प्रत वाचते, कोडं मरतं.

पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था मोडीचे वर्ग घेतात, त्यामागचा विचार इथे उपयोगी पडेल. नुसती कागदपत्रं जपून भागलं नाही, वाचणारा हातही तयार करावा लागला. खेळांच्या बाबतीत ती वेळ अजून गेलेली नाही. लेखणीने खेळलेली माणसं आज तिशी-चाळिशीत आहेत आणि त्यांना आठवतं. यंत्र कोणत्या हातात धरायचं, लेखणी कधी उपसायची, रेघ कुठे थांबवायची, कोणत्या कोड्याशी हरून यंत्र मिटायचं. कोणत्याही खेळाच्या प्रतीत या गोष्टी लिहिलेल्या नाहीत, कारण तेव्हा त्या सगळ्यांनाच ठाऊक होत्या. बोरूने शिरोरेषा आधी ओढायची हेही एके काळी सगळ्यांना ठाऊकच होतं.